पाइपातलं बाळंतपण

नवा पंप बसला तेव्हा संत्र्यांच्या बागेचा जुना सिमेंटचा पाइप माझ्या नवऱ्याने, थानासने, नदीखात्याला ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मरे नदीत सोडू दिला, पण कुरकुरतच. “नदीतले पोकळ ओंडके आपणच उपसले. कॉड माशांनी अंडी घालायची कुठे?” नदीखात्याची पोरगी म्हणाली. “मग टीव्हीपण देऊ का त्यांना?” हा खेकसला. आमची तिन्ही पोरं झाली तेव्हा मी इस्पितळात, हा त्याच पाइपाजवळ बागेला पाणी देत होता. वसंतात नदीखात्याच्या त्या पोरीने पाइपात कॅमेरा सोडला आणि हसायलाच लागली. “आत अंडीच अंडी. आई केव्हाच पसार, बाप शेपटीने वारा घालत राखतोय.” मी थानासकडे नुसतं पाहिलं. सकाळी त्याने काठावर पाटी ठोकली: ‘बाप कामात आहे, गळ टाकू नये.’ “आपल्या पोरांच्या वेळी कुठे होती ही पाटी?” मी विचारलं. “तेव्हा पाइप मी राखत होतो.”