बसंतीचा निळा पट्टा

"हे निळं कुठून आणलंस, बसंती?"

हरिलालने थाळी टेबलावर आपटली नाही, हलकेच ठेवली. राग कितीही असो, कुंभार भाजलेली वस्तू आपटत नाही. झिलईच्या पिंपावरून तो तसाच उठून आला होता. मनगटापर्यंत त्याचे हात पांढरे होते आणि वाळून त्यांना भेगा पडल्या होत्या.

शेडमधल्या सगळ्यांनी माना पुढे केल्या. थाळी लहानशी, पिकल्या पपईसारखी नारिंगी. तिच्या मधोमध, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, बोटभर रुंद निळा पट्टा. नजर ठरत नव्हती.

पण त्या महिन्यात बेटावरच्या फ्लाक गावात निळे कुणाकडेच असायला नको होते. गोदीत संप चालू होता. निळ्या रंगाची भुकटी, कोबाल्ट, बंदराबाहेर उभ्या असलेल्या जहाजात अडकली होती. किनाऱ्यावरच्या नव्या हॉटेलाला थाळ्या हव्या होत्या, आणि कुंभारांच्या सोसायटीतला प्रत्येक जण आपला नमुना पाठवणार होता. माल मागच्या दाराने आणून कुणी पुढे जाऊ नये म्हणून सगळ्यांनी गणपतीसमोर नारळावर हात ठेवून शब्द दिला होता : जहाज लागेपर्यंत कोबाल्टला कुणी शिवायचे नाही. तो शब्द हरिलालनेच सुचवला होता. त्याने स्वतः मुकाट्याने तपकिरी थाळ्या केल्या होत्या.

"तुम्हांला निळं दिसतं ना, काका?" बसंतीने पदर खोचला. "मग झालं तर. माझा जीव भांड्यात पडला."

"तोंड बघा हिचं!" हरिलाल म्हणाला. "अगं, तुझा भाऊ विमानतळावर सामान उतरवतो, हे पोरंसोरं जाणतात. कुणाच्या तरी पेटीतून डबा आला, लादुआनची जकात चुकवून. बोल, आला की नाही?"

"तुलसीरामला यात ओढू नका."

"मी नाही, तू ओढलंस."

सोसायटीचा प्रमुख सत्यदेव खाकरला. भला माणूस, त्याला भांडण नको होते. "बाय, कबूल कर. इथल्या इथे मिटवू. नाहीतर मला लादुआनच्या साहेबांना कळवावं लागेल. मग तुझ्या भावाची नोकरी राहत नाही, आणि तुला या भट्टीची पायरी चढता येणार नाही."

हरिलालला वाईट वाटले. तसे वाटणारच. चाक कसे धरायचे, झिलई किती जाड लावायची, हे त्यानेच तिला शिकवले होते. पण शब्द म्हणजे शब्द. आणि रंगाच्या बाबतीत त्याला कुणी फसवू शकत नव्हते. मँगनीजचा तपकिरी त्याला लांबून कळे. तांब्याचा हिरवा भट्टीत कुठल्या कोपऱ्यात भाजला, तेही तो सांगे. समोरचे निळे कोबाल्टचेच होते. दुसऱ्या कशाने असे निळे येत नाही.

"पोरी, निम्मं आयुष्य भट्टीपुढे काढलंय मी," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांना खोटं पाडू नकोस."

"डोळ्यांना कशाला खोटं पाडू?" बसंती म्हणाली. "तुमचे हात द्या."

आता ही पाया पडणार, माफी मागणार, असे हरिलालला वाटले. त्याने हात पुढे केले. तिने त्याचा डावा पंजा पट्ट्याच्या वरच्या नारिंगीवर ठेवला आणि उजवा खालच्या नारिंगीवर. बोटे पट्ट्याला भिडवली.

"आता बघा."

त्याच्या दोन पांढऱ्या पंजांमध्ये पट्टा तेवढा उरला. करडा. चुलीतल्या गार राखेसारखा.

सत्यदेवने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पांढऱ्या झिलईत चिमूटभर काळी," बसंती म्हणाली. "फळीवर माझा करडा तुकडा नारिंगी मडक्याला टेकला होता, तेव्हा दिसलं मला. नारिंगी शेजारी असली की करड्याला निळं व्हावंच लागतं. शब्द मोडला नाही मी, काका."

"मग हरिलाल, मी लादुआनला काय कळवू?" सत्यदेवने विचारले.

हरिलालने ऐकलेच नाही. त्याने दोन्ही हात उचलले, परत ठेवले, परत उचलले. त्या थाळीत कोबाल्टचा कणही नाही, हे आता त्याला पक्के ठाऊक होते, आणि पट्टा त्याच्या डोळ्यांदेखत निळाच होत होता.