पडद्यावरचे जीव

काँप्युटरच्या पडद्यावर हिरवे ठिपके वळवळत होते. हे ठिपके खरोखर जिवंत आहेत, खातात, वाढतात, पिल्लं घालतात, हे प्राध्यापक टिल्लू गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला पटवत आले होते. कुणाला पटत नव्हतं. आज संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब मगदूम प्रयोगशाळेत आले आणि त्यांना चक्क पटलं.

"आणि ते लाल होतायत ते काय ओ, सर?"

"ते मरतायत. दुबळ्यांना खाणं मिळत नाही," टिल्लू कौतुकानं म्हणाले. "प्रयोग त्याचाच आहे."

आप्पासाहेबांनी हात जोडले. पक्का जैन माणूस, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा न घेणारा. "पर्युषण चालू आहे सर. माझ्या कॉलेजात हत्या नको. सगळ्यांना पोटभर खायला घाला."

सगळेच जगले तर प्रयोगाची वाट लागणार होती. "अहो आप्पासाहेब, नुसते आकडे आहेत ते," टिल्लू काकुळतीला आले. "जिवंत वगैरे आपली म्हणायची पद्धत. जीव कुठला त्यांच्यात?"

आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. "सुटलो बघा. मग बंद करा ते मशीन आणि ऑफिसात पाठवून द्या. तिथं एक कमीच पडतंय."

टिल्लूंनी बटणावर बोट ठेवलं. पडद्यावर एक ठिपका फुगून मधोमध दुभंगायला लागला होता. बोट तिथंच राहिलं.

"जरा थांबा," ते हळूच म्हणाले. "हिचं बाळंतपण तेवढं होऊ द्या."