वांगं हातोहात

तळोद्याचे पाहुणे मीनाला बघायला लोणखेड्याला आले, तेव्हा अंगणात तिची आई सिंधुबाई भरताची वांगी भाजत होती. लग्न याच माघात उरकायचं, असं मुलाचे वडील चुनीलाल बसता बसताच बोलून गेले. मीनाची बीएस्सीची परीक्षा चैत्रात. पण असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं, म्हणून तिचे वडील रतिलाल नुसते "हो, हो" करत राहिले.

"बडोदामां काय शिकस तू, बेटा?" मुलाची आजी दगूबाई हिने विचारलं.

"भाकरीतून अंगात जोर कसा येतो, ते."

"कसा येस?"

रतिलालने लेकीला डोळ्यांनी खूप विनवलं. तिने तिकडे पाहिलंच नाही.

"आजी, अंगातल्या एकेका पेशीत रांगा असतात. भाकरीतून निघालेला इलेक्ट्रॉन या हातातून त्या हातात जातो आणि जाता जाता जोर सुटतो. शेवटी प्राणवायू उभा असतो, तो घेतो. उठा, दाखवते."

दगूबाई उठली, म्हणून सगळ्यांना उठावं लागलं. आधी रतिलाल, मग दगूबाई, मग चुनीलाल आणि शेवटी प्राणवायू म्हणून नवरदेव शांतीलाल. मीनाने निखाऱ्यावरचं वांगं चिमट्याने उचलून बापाच्या हातात टाकलं. रतिलाल हातभर उडाला.

"हाच तो जोर!" मीना म्हणाली.

वांगं चुनीलालपर्यंत पोचलं. शांतीलाल टेरिलीनच्या नव्या पँटच्या खिशात हात घालून उभा होता.

"बापू, घेऊ का?"

तोवर मागून दुसरं वांगं आलं. तिसरंही. दगूबाईने पदर पुढे केला, रतिलाल एका पायावर नाचू लागला.

"शेवटचा घेत नाही, म्हणून मागचं सगळं अडलं," मीना शांतपणे म्हणाली. "असं झालं की माणूस घडीभरात जातो."

"ले ना रे, मन्हा जीव चालना!" चुनीलाल ओरडले.

शांतीलालने झडप घातली. वांगं फुटून पँटवर सांडलं. त्याने तिकडे बघितलं नाही, बापाकडेही नाही.

"घेतल्यावर त्याचं काय होतं?" त्याने मीनाला विचारलं.

"पाणी."

दगूबाई नातवाकडे बघतच राहिली. "आज हाऊ पोऱ्या बापाले न इचारता बोलना!" मग रतिलालकडे वळली. "पोरनी परीक्षा व्हई जाऊ द्या. मंग लगीन."

चुनीलाल आता भडकणार, असं रतिलालला वाटलं. पण चुनीलाल गुरांच्या हौदात कोपरापर्यंत हात बुडवून उभे होते. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते कुणालाच नीट कळलं नाही. तेवढ्यात सिंधुबाईने लग्न ठरल्याचा गूळ वाटायला सुरुवातही केली.