पांढरी गच्ची

"छत नक्की कुठलं, ते तुम्हीच दाखवा काका. खालून मला सगळी सारखीच," असं म्हणत ड्रोनवालीने टॅब्लेट सोसायटीच्या सेक्रेटरीपुढे धरला.

पडद्यावर वस्तीचा आकाशातून घेतलेला जुना फोटो होता. करड्या गच्च्यांची रांग. ड्रोनवालीचा नियम होता, ज्याचं काम त्यानेच आपल्या छताभोवती बोटाने चौकट आखायची. यंत्र त्या चौकटीबाहेर जात नसे. भलत्याच्या गच्चीवर गेलं की शिव्या खाव्या लागतात, हे ती एकदा शिकली होती.

सेक्रेटरीने चष्मा कपाळावर सरकवला आणि चौकट आखली. एक बाजू वाकडी गेली, ती पुसून पुन्हा काढली.

"घ्या. करा सुरू."

दोघं इमारतीमागच्या बोळात उभे होते. सेक्रेटरीला घाई होती. त्याचं घर विकत घ्यायला एक जोडपं तयार होतं. हॉल आवडला, स्वयंपाकघर आवडलं, पण छताबद्दल कुणीतरी त्यांचे कान भरले होते. छत धड असल्याचं तज्ज्ञाने सांगितलं तर व्यवहार, नाहीतर नमस्कार.

कान कुणी भरले हे शोधावं लागलं नव्हतं. त्या व्यक्ती आत्ता वरच्या मजल्याच्या खिडकीतून डोकावत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खी इमारत त्यांना बाई म्हणत असे.

"अहो ताई!" बाईंनी वरून हाक मारली. "गच्चीवर माझ्या उशा वाळत घातल्यात. त्यांचाही फोटो घ्या!"

"घेते हं बाई!"

"पलंगावर छत्री उघडून झोपते मी. सेक्रेटरी म्हणतात, वयाचा परिणाम. माझ्या वयाचा की छताच्या, ते विचारा जरा!"

"शाळा सुटली, पण छडी काही सुटली नाही," सेक्रेटरी हळूच म्हणाला.

ड्रोन घरघरत वर गेला. थोड्याच वेळात पडद्यावर गच्ची आली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, कोपऱ्यात एक मोठी टाकी. बाकी काही नाही.

"बरीच डागडुजी झालेली दिसते."

"गेल्या वर्षीच लेप दिलाय."

"आणि बाईंच्या उशा?"

"त्यांचं काय मनावर घेता! एकट्या राहतात. भांडायला कुणीतरी लागतं."

यंत्र शेत नांगरावं तसं एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येत होतं.

सेक्रेटरीचा फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, जेवायला येताय ना? बेल मात्र वाजवू नका. बाळ आत्ता कुठे झोपलंय. बाहेर कसली तरी घरघर चाललीये, तरी झोपलंय, नवलच."

"आजोबांवर गेलंय. मीही ऑफिसात असाच झोपायचो."

"आई सांगते ते. लवकर या."

जेवण करून सेक्रेटरी दुपारी परतला. खाली पार्किंगमध्ये त्याने खुर्च्या मांडल्या. त्या जोडप्यालाही बोलावून घेतलं होतं. सगळ्यांसमोर निकाल लागला की बाईंचं तोंड कायमचं बंद, असा त्याचा हिशोब होता. बाई पहिल्याच रांगेत बसल्या.

ड्रोनवालीने सगळ्या फोटोंचं एक चित्र तयार केलं होतं. उंच भाग हिरवा, खोल भाग लाल. तिने लॅपटॉप लोकांकडे वळवला. चित्राच्या एका कोपऱ्यात लाल रंग सांडल्यासारखा पसरला होता.

"वरून हे छत छान दिसतंय. पण लेपाखाली स्लॅब खचलाय," ती म्हणाली. "टाकीपासून कठड्यापर्यंत भेग गेलीये. मी इथे यायच्या आधी इंजिनिअरला दाखवलं. तो म्हणाला, टाकीखालचं घर आत्ताच्या आत्ता रिकामं करा. उद्यावर टाकू नका."

मग त्या जोडप्यातला नवरा उठला. "कळवतो," तो म्हणाला आणि बायकोला घेऊन निघाला.

"सांगत होते ना मी!" बाईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "म्हणजे... इतके दिवस मी त्याच्याखाली झोपत होते?"

शेजारणीने त्यांचा हात धरला. दोघेतिघे त्यांचं सामान आणायला जिन्याकडे धावले.

सेक्रेटरीने जोडप्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो लाल कोपऱ्याकडे बघत होता.

"टाकीखालचं म्हणजे रस्त्याच्या बाजूचं?" त्याने विचारलं.

"हो. वरच्या मजल्यावरचं."

खुर्ची मागे पडली. सेक्रेटरी फाटकातून बाहेर पळाला.

"पळा, पळा!" मागून कुणीतरी म्हणालं. "आता कुठलं तोंड दाखवणार!"

"अहो, माझा पलंग कोण उतरवणार?" बाई ओरडल्या.

तो शेजारच्या इमारतीत शिरला. लिफ्टसाठी थांबला नाही. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. रस्त्याच्या बाजूचं हे घर मुलीला त्यानेच पसंत करून दिलं होतं, गच्ची नवीकोरी आहे म्हणून. त्याने बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.

मुलीने दार उघडलं. "बाबा! सकाळी काय सांगितलं होतं मी? उठलं ना ते!"

"बाळाला घे. चप्पलही घालू नकोस. खाली चल."

"का? झालंय काय?"

"छत खचलंय. ड्रोनमध्ये दिसलं."

मुलगी जागची हलली नाही. आत बाळ रडत होतं.

"पण बाबा," ती म्हणाली, "ड्रोन तर तुमच्या इमारतीसाठी बोलावला होता ना?"