फक्त तुला म्हणून

नरपडची वेणू डहाणूच्या बाजारात बोंबलाचा वाटा एकशेवीसला विकते. भाव ती मोठ्याने सांगते, पण हेमांगी आली की पुढे वाकून हळूच पुटपुटते, "तू शंभर दे गं बाय. फक्त तुला म्हणून. कुणाला बोलू नको." सहा वर्षं झाली, हेमांगीने हे गुपित नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

म्हणूनच वेणूच्या मुलाने, जतीनने, मोबाईलने पैसे घ्यायचा तो बोलका डबा पाटीशेजारी आणून ठेवला, तेव्हा हेमांगी सावध झाली. चहाचे दहा रुपयेही फोनवरून देणारी ही बाई मासळीसाठी मात्र एटीएमच्या रांगेत उभी राहू लागली. नवल म्हणजे तो डबा तीन महिने मुकाच होता. वेणूकडे सगळ्याच बायका नोटा काढायच्या.

रविवारी नेमकं एटीएम बंद, आणि घरी जावई जेवायला येणार. हेमांगीने वाटा पिशवीत टाकून घेतला, बाजाराच्या कलकलाटावर भरवसा ठेवला आणि फोन पुढे केला.

"शंभर रुपये प्राप्त झाले!" डबा अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला.

हेमांगीने मान खाली घातली. आता सगळ्याजणी शंभरलाच मागणार, आणि आपला खास भाव गेला!

मागे उभ्या असलेल्या चौघीजणी वेणूवर एकदमच कडाडल्या, "म्हणजे, हिलापण शंभरच?"