अर्धपोटी

"डुकराचं हृदय फार वाढलंय. जुईच्या छातीत मावणार नाही," डॉक्टर म्हणाले, तशी वैजयंता थेट शेडमध्ये गेली. तिच्या सहा वर्षांच्या लेकीला हृदय बसवण्यासाठीच ते डुक्कर पाळलं होतं. हृदय लहान राहावं म्हणून त्याला अर्धपोटीच ठेवायचं होतं.

"पोटभर घातलंत त्याला?" तिने राखणदार बस्त्यावला विचारलं.

"भुकेनं ओरडायचं, बाय. बघवेना."

"आणि हृदयावर ताण नको म्हणून पाणी तोडलंय, माझी पोर घोटभर पाण्यासाठी रडते, ते मी कसं बघते?" तिने खाद्याची बादली लाथेने उडवली.

नवं पिल्लू आलं, तेव्हा खाणं घालायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. रोज ती अर्धंच घालायची. पिल्लू तिच्या पायांशी येऊन किंचाळायचं.

"गप, मेल्या!" ती त्याच्यावर खेकसायची, पण तिथून तिचा पाय निघत नसे.

अखेर एका सकाळी डॉक्टर डुकराला न्यायला आले. हृदय अगदी जुईच्या मापाचं होतं.

"आज तरी त्याला पोटभर घालते," वैजयंता म्हणाली.

"ऑपरेशनआधी खाणं चालत नाही."

"मग काल का नाही सांगितलंत?" ती एवढ्या जोरात ओरडली, की डुक्करसुद्धा गप्प झालं.