काळी फिल्म

“उद्या सकाळी व्हीलचेअरवाले येताहेत. बॅटरीचा तो पाचशे वेळा चार्ज केलेला सेल कापून बघणार म्हणतात,” आईनं हातमोजे काढता काढता सांगितलं, आणि धाकट्या लेकीनं टेबलावरचा तक्ता पुढे ओढला.

“कापून कशाला? वजन बघितलं, पाचशे चार्जिंगचा तक्ता बघितला. अजून काय हवंय त्यांना?”

“अगं, विकत घेणारा माणूस आत काय आहे ते बघणारच की!”

आत काय आहे ते धाकटीला पक्कं ठाऊक होतं. तांबं.

बॅटरीतल्या तांब्याच्या पातळ पत्र्याऐवजी कार्बनची काळी फिल्म घालायची, एका अणूच्या जाडीचे थर एकावर एक रचून केलेली, की बॅटरी हलकी होते. वीस वर्षांपूर्वी आईनं तसा सेल केला. तो पाचशे वेळा चार्ज होऊनही टिकला आणि त्या एका सेलवर ही प्रयोगशाळा उभी राहिली. आता आईचे हात थरथरत, म्हणून तोच सेल व्हीलचेअरसाठी पुन्हा करायचं काम धाकटीकडे आलं होतं. सहा वर्षं तिनं जिवाचं रान केलं. पण फिल्म चाळिसाव्या चार्जिंगला तडकायची म्हणजे तडकायचीच! बाबा चेष्टेनं म्हणायचे, “आईच्या हाताचा गुण काही तुझ्यात उतरला नाही बुवा.” ती हसायची आणि बाथरूममध्ये जाऊन रडायची.

हेही काम हातचं गेलं असतं तर प्रयोगशाळेला टाळंच लागलं असतं. शेवटी तिनं नमुन्याचे दोन सेल केले, एक फिल्मचा आणि एक तांब्याचा. तराजूवर फिल्मचा ठेवला, चार्जिंगच्या यंत्राला तांब्याचा लावला. बाहेरून दोन्ही अगदी सारखे, कोटाच्या बटणाएवढे. कागदावर मात्र एकच सेल म्हणून लिहिलं. त्या दिवसापासून तिला आईच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता.

“आई, दार लाव ना जरा.”

आईनं दार लावलं. धाकटीनं मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. तराजू, यंत्र, कागद, काहीही वगळलं नाही. बोलताना तिचे कान तापले होते.

“मला फार लाज वाटते गं. वीस वर्षांत कमावलेलं तुझं नाव घालवलं मी. तू त्यांना स्पष्ट सांग, पोरीनं फसवलं म्हणून. मला काढून टाक हवं तर.”

आई खुर्ची ओढून लेकीच्या शेजारी बसली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“तांबं तसंच घातलंस? उघडं?”

“म्हणजे?”

“अगं वेडे, कापल्यावर चमकतं ते. आधी वरून काजळी चोपडायची असते,” आई हळू आवाजात म्हणाली. “माझाही सेल कापून बघितला होता. लागला का कुणाला पत्ता?”